चिलाईच्या माळाचे टुलक

दचकलात ना? सगळेच दचकतात. अहो, भांडण नाही ते, बारसं आहे. खालच्या अंगाला गजराबाईचं घर आहे, तिच्या नातीचं. इतर गावांत आत्या पाळण्याशी वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि हळूच नाव सांगते. आमच्याकडे आत्या त्या पांढऱ्या हद्दीच्या दगडाशी उभी राहते, डोंगराकडे तोंड करते आणि नाव, आडनाव तीनदा घशाची शीर ताणून ओरडते. पोर भोकाड पसरतं. पसरू दे. ओरडल्याशिवाय आमच्यात बारसं झालं असं कुणी मानत नाही.

हा समोरचा डोंगर. आम्ही त्याला चिलाईचा माळ म्हणतो, कारण वर चिलाईदेवीचं ठाणं आहे. सरकारी नकाशात मात्र 'टुलक टेकडी' लिहिलंय. तारेचं कुंपण तुम्ही बघितलंच असेल, आणि 'प्रवेश बंद' ही पाटीसुद्धा. आणि पायथ्याशी राहणारी आम्ही नऊ घरं, आता वाढून साठ झाली, ती सगळी टुलक. धनगर, आणि आडनाव टुलक! मी पस्तीस वर्षं सरकारी उपकेंद्रात नर्स होते. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या दिवशी विचारायचा, 'हौसाबाई, तुम्ही ख्रिश्चन का हो?' मी म्हणायचे, 'नाही साहेब, मेंढरं राखणाऱ्याची लेक आहे, आणि आधी तो पेशंट बघा.'

बसा इथं सावलीला. पाणी प्या. आणि तो मोबाईल खिशात घाला बरं. मी रागीट बाई आहे, आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. तुमच्यावर चढला असं समजू नका.

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणे. तेव्हा ही नऊ घरं वर माळावर होती, चिलाईच्या ठाण्याच्या आडोशाला. नऊ घरांची नऊ कुळं. कोणी हाके, कोणी मदने, कोणी गोरड, कोणी कोकरे. देवकं वेगळी, सोयरीक आपसात. पावसाळ्यात सगळी वर, आणि दिवाळी झाली की पुरुष कळप घेऊन खाली नदीकाठी जायचे ते मिरगाच्या तोंडावर परत. मागे उरायच्या बायका, म्हातारी माणसं आणि गाभण मेंढ्या. या वस्तीची कारभारीण होती लखाई. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा, एक सून. तिच्या शब्दाबाहेर नऊ घरांतलं कुणी जात नसे, असं सांगतात.

त्या साली भादव्यात एक गोरा साहेब वर आला. अलस्टर टुलक त्याचं नाव, स्कॉटलंडचा. डोंगर मोजायचा, नकाशा काढायचा, कुठं जंगल राखायचं ते ठरवायचं, असलं काम. त्याला जंगलसाहेब म्हणायचे. तिशीचा असेल. मराठी चांगली बोलायचा. आणि मेंढरांतलं त्याला कळायचं हो! अडलेली मेंढी त्यानं बाह्या वर करून, कोपरापर्यंत हात घालून मोकळी केली म्हणे. तिथंच आमची माणसं विरघळली. हात घाण करणारा साहेब कुणी बघितला होता?

रोज ताक प्यायला लखाईच्या चुलीपुढे येऊन बसायचा. एक दिवस ती म्हणाली, 'बाबा, आमच्याकडे माणसाला आधी गाव विचारतात. तुझं गाव कुठलं?' तेव्हा त्यानं त्याच्या आडनावाची गोष्ट सांगितली.

टुलक म्हणजे त्यांच्या जुन्या बोलीत टेकडी. त्यांच्याकडेही आपल्यासारखंच, माणसाला गावाचं नाव लागतं. आपल्यात नाही का, पलूसचा तो पलूसकर? तसा टेकडीवरचा तो टुलक. म्हणजे सगळे टुलक काही एका रक्ताचे नव्हते. जो त्या टेकडीवर राहिला, ज्याची चूल तिथं पेटली, तो टुलक. त्याची आजी त्या टेकडीवर सून म्हणून आली होती. तिथं चुलीतला विस्तव म्हणे सात पिढ्या विझला नव्हता. रोज संध्याकाळी बाईमाणूस निखारे राखेत पुरायची, देवाचं नाव घ्यायची, आणि सकाळी फुंकर घालून पुन्हा जागवायची. लखाई म्हणाली, 'अगं बाई, आम्हीही तेच करतो की.'

मग तिथल्या जमीनदाराला वाटलं, माणसांपेक्षा मेंढरं ठेवली तर बरी. कुळं हाकलून टेकडी मेंढरांना द्यायची. एका सकाळी त्याची माणसं आली. आजी हलेना. म्हणाली, चूल पेटलेली असताना मी घर सोडायची नाही. तेव्हा जमीनदाराच्या माणसानं चुलीशेजारचं दुधाचं मडकं उचललं आणि तिच्याच दुधानं तिची चूल विझवली. मग छपराला आग लावली, म्हणजे कुणी परत यायला नको. ती सगळी माणसं समुद्राकाठी जाऊन शिंपले वेचून जगली. टेकडीवर एकही टुलक राहिला नाही. आडनाव तेवढं अंगावर राहिलं, कारण ते जाळता येत नाही.

हे सांगताना तो साहेब रडला म्हणे. लखाई त्याच्याहून जास्त रडली. भाऊबीज आली तेव्हा तिनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. म्हणाली, 'तू आमच्यातलाच. ज्याचं जळतं त्याला कळतं.'

आता इथं आमच्या माणसांची चूक झाली, आणि ती मी लपवणार नाही. त्यांना वाटलं, ज्यानं हे सोसलंय तो दुसऱ्याला कधी हे करणार नाही. त्यांनी त्याला सगळं दाखवलं. उन्हाळ्यात पाणी कुठं राहतं, वर यायच्या वाटा किती, पुरुष कधी जातात, मागे कोण उरतं. नऊ घरांत त्याला हाताला धरून फिरवलं. तो वहीत लिहीत होता, आणि ह्यांना वाटत होतं, भाऊ आपलं घर लिहून घेतोय. दुःख सोसलं की माणूस मऊ होतो असं म्हणतात ना? साफ खोटं आहे. पस्तीस वर्षं मी माणसं बघितली. सासूनं छळलेली सून सासू झाली की काय करते, ते मला विचारा. काही माणसं दुःखातून एवढंच शिकतात, की दुसऱ्याला कुठं मारलं की लागतं.

दिवाळीनंतर पुरुष गेले. साहेबही गेला. माघात तो परत आला, तो शिपाई घेऊन.

डोंगर राखीव झाला होता. इथं झाडं लावायची, मेंढरू चालायचं नाही. बघा हं उलटा न्याय. तिकडं मेंढरांसाठी माणसं काढली, इकडं झाडांसाठी माणसं आणि मेंढरं दोन्ही काढली. गरिबाला काढायला यांना कारण कधी कमी पडलंय? लखाईची सून पारू पाच दिवसांची बाळंतीण होती. मुलगी झालेली. घरात पाचवीची तयारी चाललेली. चुलीशेजारी मडक्यात चिकाचं दूध होतं, चिलाईला दाखवायला ठेवलेलं.

लखाई दारात उभी राहिली. तिचा भाऊच होता ना समोर! ती म्हणाली, 'बाळंतीण आहे घरात. पुरुष येऊ दे. मिरगापर्यंत थांब.' तो म्हणाला, हुकूम आहे. ती म्हणाली, 'चूल पेटलेली आहे माझी.' काय मनात आलं असेल तिच्या? तिला वाटलं, चूल म्हटल्यावर तरी हा थांबेल, ह्याला आजी आठवेल.

आठवली. आजीच आठवली मेल्याला! त्यानं शिपायाला सांगितलं, ते दूध ओत. यशवंता नावाचा शिपाई होता, इथलाच, चार बुकं शिकलेला. तो म्हणाला, 'साहेब, दूध चुलीत जात नाही. आचळं सुकतात. पाणी आणतो मी.' साहेबानं त्याला बाजूला सारलं, आत गेला, मडकं उचललं आणि स्वतःच्या हातानं ओतलं. पाण्यानं विझली नसती का चूल? विझली असती. पण पाण्यानं विझवलेली चूल बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवते. दुधानं विझवली की ती बाई पुन्हा तिथं चूल मांडत नाही, हे त्याला घरूनच माहीत होतं. यशवंतानं पट्टा काढला, जमिनीवर टाकला आणि तो डोंगर उतरून गेला. मग छपरं पेटवली. नऊच्या नऊ.

माघातली थंडी, उघडा माळ, पाच दिवसांची बाळंतीण. नर्स आहे मी, मला कुणी सांगायला नको काय होतं ते. पारूला ताप चढला. खाली या पांढऱ्या दगडाजवळ एका बाभळीला घोंगडी बांधून तिला निजवलं होतं. नवव्या दिवशी ती गेली. पोर मेंढीच्या दुधावर जगलं. मी माझ्या हातानं साडेसहाशे बाळंतपणं केली, आणि दर माघात एखादी बाळंतीण थंडीनं कुडकुडताना दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आजही जाते.

दहाव्या दिवशी यशवंता आला. मान वर करत नव्हता. त्यानं लखाईला सांगितलं, 'मावशी, नकाशा मी बघितला. वर लिहिलंय, टुलक टेकडी. साहेबानं डोंगराला स्वतःचं नाव दिलंय. आणि खाली लिहिलंय, या टेकडीवर वस्ती नाही आणि नव्हती. परवा मोठा साहेब येणार आहे, तो नकाशावर सही करून जाणार.'

लखाईनं एवढंच विचारलं, 'डोंगराला त्याचं नाव दिलं? नक्की?' यशवंता म्हणाला, 'नक्की.' ती म्हणाली, 'परवा पोरीचं बारसं आहे.' बाकीच्या बायका घाबरल्या. घरात सुतक, सुनेला जाऊन तीन दिवस नाहीत, आणि बारसं? लखाई म्हणाली, 'सुतक मला आहे. पोरीनं काय केलंय? तिला नाव नको?'

बाराव्या दिवशी मोठा साहेब आला. इथंच तंबू होता, जिथं तुम्ही बसलाय तिथं कुठंतरी. टेबलावर नकाशा पसरलेला. टुलक साहेब हातात टोपी घेऊन शेजारी उभा. एवढ्यात लखाई आली, पोरीला घोंगडीत गुंडाळून, आणि मागे नऊ घरच्या बायका, म्हातारे, लेकरं. शिपायांनी अडवलं तिथं ती थांबली. पाळणा नाही, आत्या नाही, घुगऱ्या नाहीत. तिनं डोंगराकडे तोंड केलं आणि ओरडली, 'चिलाबाई टुलक! चिलाबाई टुलक! चिलाबाई टुलक!'

मोठा साहेब उठून बाहेर आला. त्यानं मुन्शीला विचारलं, ही बाई काय म्हणते? मुन्शी चाचरत म्हणाला, पोरीचं नाव सांगते आहे. आडनाव टुलक. मोठ्या साहेबानं लखाईला विचारलं, तुझं नाव? 'लखाई टुलक.' तिच्या मागचीला विचारलं. 'धोंडूबाई टुलक.' तिच्या मागे एक सत्तरीचा म्हातारा. 'मायाप्पा टुलक.' काठी टेकत उभी असलेली आंधळी बाई, 'ठकू टुलक.' एकेक पुढे येत गेलं आणि सांगत गेलं.

मोठा साहेब टुलककडे वळला. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते तुम्ही ओळखा. काळी पोरं आणि गोऱ्याचं नाव, म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात दुसरं काय येणार? आणि आता बघा टुलकची गंमत. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. 'साहेब, ही माझी पोरं नाहीत, ही या टेकडीवर राहणारी माणसं आहेत.' एवढं बोलला असता तर अब्रू वाचली असती. पण मग नकाशा खोटा पडला असता. तिथं लिहिलं होतं ना, वस्ती नव्हती म्हणून!

लखाई त्याच्या पुढे उभी राहिली. म्हणाली, 'तूच सांगितलंस. टेकडीवर ज्याची चूल, त्याला टेकडीचं नाव. रक्ताचा संबंध नाही. तू माझ्या डोंगराला नाव दिलंस. आता त्या डोंगरावरची माणसं कोण झाली, सांग तुझ्या साहेबाला. तुझ्या तोंडानं सांग.'

तो लाल झाला, मग पांढरा पडला, आणि गप्प राहिला. आपलं नाव गेलं तरी चालेल, पण कागद खोटा पडता कामा नये! केसानं गळा कापला त्यानं आमचा, आणि शेवटी स्वतःचाही. मोठ्या साहेबानं नकाशावर सही केली. जाताना प्रकरण दाबायला म्हणून पायथ्याचा हा खडक 'टुलक मंडळींना' राहायला द्या म्हणाला. वर जायचं नाही, बोंब मारायची नाही. अशी ही वाडी वसली. टुलक साहेबाची बदली झाली आणि तो दुसऱ्या कुठल्या मुलखात तापानं मेला म्हणे. बरं झालं, असं मी म्हणणार होते. पण नाही म्हणत. जगायला हवा होता, म्हातारा व्हायला हवा होता, आणि रोज ते आठवायला हवं होतं.

मिरगाच्या तोंडावर पुरुष परत आले तेव्हा वाडीत मोठं भांडण झालं. लखाईचा मुलगा बायको गमावून बसलेला. तो म्हणाला, 'आई, वैऱ्याचं नाव माझ्या पोरीला? त्यापेक्षा विहिरीत ढकल तिला.' लखाई म्हणाली, 'त्याचं नाव कुठाय ते? डोंगराचं आहे. उद्या कुणी तो कागद वाचील आणि म्हणेल, इथं कुणी नव्हतं. तेव्हा आपण म्हणायचं, मग आम्ही टुलक कसे?' मुलगा वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पण पोरीचं नाव त्यानं बदललं नाही. तेव्हापासून इथं बारसं ओरडून होतं, असं सांगतात.

आता पाणी प्या घोटभर, कारण गोष्ट संपलेली नाही. इतकी वर्षं मीही 'म्हणे' आणि 'असं सांगतात' लावूनच ही सांगत होते.

सात वर्षांपूर्वी आम्ही अर्ज केला. पूर्वी आमची घरं वर होती, तर चिलाईपर्यंत जायचा आणि मेंढरं चारायचा आमचा हक्क द्या. कचेरीतला साहेब भला वाटला, चहा दिला त्यानं. म्हणाला, 'हौसाबाई, गोष्ट फार छान आहे. पण दंतकथेवर हक्क मिळत नाही. कागद आणा.' कागद! ज्यांची घरं जाळली त्यांच्याकडे कागद मागायचा, आणि जाळणाऱ्याचा कागद मात्र कपाटात कुलपात! तेव्हापासून मी हेलपाटेच घातले.

आणि गेल्या सालच्या दिवाळीत एक गोरी बाई आली. मोराग टुलक, इनव्हरनेस गावाची, साठीची, साधी. अलस्टर टुलकच्या भावाची पणती. आडनावाचा इतिहास लिहीत होती. कुठल्याशा नकाशात तिला टुलक टेकडी सापडली, आणि पायथ्याशी टुलक राहतात कळल्यावर ती विमानात बसून आली. माझे दोन्ही हात धरले तिनं. डोळ्यांत पाणी. 'आपण भावंडं,' म्हणाली. माझं इंग्रजी दवाखान्यापुरतं, पण एवढं कळलं. मग पिशवीतून तिनं काचेच्या नळ्या काढल्या. साठ घरांसाठी साठ. त्यात थुंकायचं, ती नळी परदेशी जाणार, आणि रक्ताचं नातं सिद्ध होणार.

मी नर्स आहे, मला नळ्या दाखवते! मी उठलेच. म्हटलं, 'बाई, दीडशे वर्षांपूर्वी तुमच्या मोठ्या साहेबानं ज्या नजरेनं आमच्या बायांकडे बघितलं, तीच नजर घेऊन आलीस? पारू नऊ दिवसांची बाळंतीण असताना मेली. तिच्या लेकीच्या रक्तात तू तुझा पणजोबा शोधतेस? लाज नाही वाटत?' बरोबर पुण्याची एक मुलगी होती, दुभाषी. ती गुळगुळीत करून सांगायला लागली. मी म्हटलं, 'पोरी, जसंच्या तसं सांग. साखर लावलीस तर तुलाही बोलेन.'

मग मी मोरागबाईला ही सगळी गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशी. चिकाच्या दुधापर्यंत आले. तशी त्या बाईच्या हातातली नळी खाली पडली, फुटली, तिचं लक्ष नाही. 'दूध?' असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, 'होय, दूध.' ती उठून तिथं त्या चिंचेखाली जाऊन बसली. अर्धा तास असेल. मला वाटलं, चालली आता.

ती परत आली आणि तिनं एक पाकीट माझ्या हातात दिलं. अलस्टरची पत्रं तिनं मला आधीच दाखवली होती, हवापाण्याची, पक्ष्यांची. हे एक मागे ठेवलं होतं. घरात पिढ्यान् पिढ्या ते मागेच ठेवत आले होते. माघातलं पत्र, आईला लिहिलेलं. मी चष्मा लावून स्वतः वाचलं, अडलं तिथं त्या मुलीनं सांगितलं. त्यात लिहिलं होतं, 'आज मी नऊ घरं रिकामी केली. एकेचाळीस माणसं होती, मी ती आधीच मोजून ठेवली होती. एका बाईची चूल मी दुधानं विझवली. कशी विझवायची ते मला माहीत होतं. आजीला सांगू नकोस.'

आजीला सांगू नकोस!

म्हणजे म्हातारी जिवंत होती, तिकडं समुद्राकाठी. आणि त्याला सगळं कळत होतं. मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत होते, की नोकर माणूस, हुकमाचा ताबेदार, कळलं नसेल त्याला. सगळं कळत होतं! मी त्या दिवशी एवढी रडले आणि एवढी ओरडले, की वाडी गोळा झाली. मोरागबाई पुढे बसून होती, तिनं खाली बघितलं नाही. ते पत्र काढून द्यायला छाती लागते, एवढं मी तिचं मानते. तिचा पणजोबा एक वाक्य बोलला नाही, ती बोलली. पत्राची नक्कल, शिक्का, वकिलाची सही, सगळं तिनं तिकडून पाठवलं. त्या दिवसापासून मी 'म्हणे' लावायला पाहिजे असं नाही. जिभेची सवय जात नाही, एवढंच.

मी नाचत कचेरीत गेले. तिथं आता दुसरा साहेब. त्यानं पत्र दोनदा वाचलं. म्हणाला, 'मावशी, नऊ घरं होती हे मान्य. पण कुणाची? यात तुमच्यापैकी एकाचंही नाव नाही. एकच नाव आहे, सही करणाऱ्याचं. टुलक.' मी म्हटलं, 'मग? आम्ही कोण?' तो म्हणाला, 'ते आडनाव तुम्ही नंतर घेतलंत असं तुमचीच गोष्ट सांगते.' आणि अर्ज फेटाळला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही मी सांगणार नाही. गाढ झोपले. रागानं मला चांगली झोप येते. सकाळी उठून मी मूळच्या नऊ घरांत गेले आणि प्रत्येक घरातली एक म्हातारी मागितली, माझ्या घरची मी. माघ महिना होता. आम्ही नऊजणी भर दुपारी कुंपण वाकवून वर गेलो. ठाण्यापाशी तीन दगड मांडले, चूल पेटवली, पातेल्यात दूध तापवलं, थेंबभर उतू जाऊ दिलं नाही, आणि चिलाईला दाखवून नऊजणी प्यालो. दीडशे वर्षांनी तिथं धूर निघाला. तो बघून राखणदार धावत आले. कोवळी पोरं होती, त्यातल्या एकाचं बाळंतपण मीच केलेलं. तो म्हणाला, 'नर्सबाई, पळा ना, मी बघितलंच नाही म्हणतो.' मी म्हटलं, 'खबरदार! बघितलं म्हण. नीट लिही.'

त्यानं लिहिलं. गुन्ह्याचा कागद आहे आमच्यावर, नक्कल मी चौकटीत घालून भिंतीला लावली आहे. 'टुलक टेकडीवर नऊ टुलक चूल पेटवून बसलेल्या आढळून आल्या.' सरकारी शिक्क्यासकट.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही नऊ म्हाताऱ्या दर तारखेला एसटीनं जातो. वकील तरुण आहे, फुकट लढतोय, हात जोडून विनवतो. 'आजी, तुम्ही टेकडीवर नव्हता एवढंच म्हणा. साक्षीदार तो राखणदार, तुमच्याच बाजूचा आहे, पाच मिनिटांत सुटाल. होतो म्हणालात तर शिक्षा होईल.' न्यायाधीशबाईंनाही आम्हाला शिक्षा द्यायची नाही, दिसतं ना. त्या म्हणतात, पुन्हा विचार करा, आणि पुढची तारीख देतात.

येत्या मंगळवारी पुन्हा आहे. आजही नकाशात या डोंगरावर वस्ती नाही आणि नव्हती. आणि आजही पुकारा झाला की आम्ही नऊजणी गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहतो. न्यायाधीशबाई विचारतात, 'तुम्ही त्या टेकडीवर होता का?'

आम्ही म्हणतो, होतो.